खिशातलं शटल

धुळे, १४ जुलै २०२५

प्रेमराज,

चातुर्मासात दुकानाबाहेर मोबाईल हातात घ्यायचा नाही असा नियम तू घेतलास. चांगलं आहे. पण तुझ्या नियमामुळे पन्नाशीला टेकलेल्या मला पोस्टाच्या रांगेत उभं राहून तिकिटं घ्यावी लागतात. दुकानावर फोन केला तर तू म्हणालास, धंद्याचं असेल तर बोल. शिलाई मशीन मला घ्यायचं नाही, त्यामुळे पत्र.

आपल्या चित्रपट मंडळात १४ सप्टेंबरच्या रविवारी, कॉलेजच्या हॉलमध्ये, तो जुना फ्रेंच सिनेमा दाखवतोय. सहा जुलैला तू माझ्या घरी पाहिलास तोच. खाली इंग्रजी अक्षरं पळतात आणि आमचे निम्मे सभासद ती वाचेपर्यंत पुढचं दृश्य आलेलं असतं, म्हणून आधी वाटायला एक पानाचं मराठी पत्रक हवं. मी लिहिलं की त्याचं व्याख्यान होतं. तू समाजाच्या मासिकात लिहितोस ते सगळ्यांना कळतं. तीनशे शब्द, महिनाअखेरपर्यंत. तू हो म्हणाला होतास, हे लक्षात असू दे.

आता सिनेमा न बघण्याचाही तुझा नियम लागला असेल, म्हणून गोष्ट पुन्हा सांगतो. नदीकाठचं लहान गाव. एक घड्याळजी, लग्न झालेला, रविवारी नेमाने चर्चला जाणारा. दर गुरुवारी तो एका विधवेच्या घरी भिंतीवरचं मोठं घड्याळ लावायला जातो, कारण ते मागे पडतं. त्यातलं एक चाक झिजलंय. नवं चाक पहिल्या दहा मिनिटांतच त्याच्या कोटाच्या खिशात आलेलं आपण पाहतो. तो ते बसवत नाही. वर्षभर. तो स्टुलावर चढतो, ती स्टुलाचा पाय धरते, यापलीकडे दोघांत काही घडत नाही. बाकी वेळ तो मित्राजवळ बसून निष्ठेबद्दल बोलतो. शेवटी एका गुरुवारी चाक बसवतो. पुढच्या गुरुवारी खिडकीखाली उभा राहून ठोके ऐकतो आणि समाधानाने घरी जातो. आत ती बाई एक बोट लावून लंबक थांबवते. संपलं.

एवढंच लिही. त्याचा न्याय करत बसू नकोस.

तुझा
पंडित


जळगाव, २० जुलै २०२५

पंडित,

जय जिनेंद्र.

पत्रक अजून झालं नाही. रागावू नकोस, दोन वेळा बसलो होतो. पण तू मला काय दाखवलंस रे? सकाळी सामायिकाला बसतो, अठ्ठेचाळीस मिनिटं मन स्थिर ठेवायचं, आणि दहाव्या मिनिटाला तो घड्याळजी स्टूल घेऊन समोर उभा. वीस वर्षांत असा त्रास कुणी दिला नव्हता.

मला त्याचा राग येतो. मोह झाला म्हणून नाही, तो कुणालाही होईल. राग येतो तो त्याच्या बोलण्याचा. मित्राला सांगतो, मी तिच्या बोटालाही स्पर्श केलेला नाही. अरे, आमच्याकडे लहान मुलालाही शिकवतात की मन, वचन आणि काया अशी पापाची तीन दारं आहेत. हा तिसऱ्या दाराला कुलूप लावतो आणि घर बंद आहे असं सांगत फिरतो. पहिलं दार वर्षभर सताड उघडं.

आणि जिला सांगायचं तिला एका शब्दाने सांगत नाही. मित्राला सांगतो, पाद्र्याला अर्धवट सांगतो. तिच्यापुढे जाऊन, बाई, मी तुमचं घड्याळ मुद्दाम नादुरुस्त ठेवलं, मला क्षमा करा, एवढं म्हणाला असता तर मोकळा झाला असता. तो का म्हणाला नाही याचं उत्तर सिनेमात कुठे आहे? मला सापडलं नाही.

उद्या चाळीसगावला जायचं आहे. तिथल्या एका शिवणक्लासचं मशीन टाके सोडतं. ते काम आटोपलं की लिहितो.

सुलक्षणाने वहिनींना नमस्कार सांगितला आहे.

प्रेमराज


धुळे, २८ जुलै २०२५

प्रेमराज,

मी पत्रक मागितलं, तू प्रवचन पाठवलंस.

तुला त्या सिनेमात अश्लील तरी काय दिसलं? एक चुंबन नाही. तुमच्या जळगावच्या लग्नांत हळदीचे जे व्हिडिओ काढतात त्यात याहून जास्त असतं. तुला पडदाच सहन होत नाही असं सरळ सांगितलं असतंस तर मी दुसरा माणूस पाहिला असता.

तो खूप बोलतो म्हणून तू चिडलास, पण सगळी गंमत त्यातच आहे. या फ्रेंच मंडळींना मोहाने माणूस काय करतो यात फार रस नाही. मोहात असताना तो स्वतःची समजूत कशी घालतो, ते त्यांना बघायचं असतं. तो बोलत राहतो आणि कॅमेरा त्याच्या कोटाच्या खिशाकडे बघत राहतो. कुणी त्याला शिक्षा देत नाही, शाबासकी देत नाही. तू देऊ नकोस म्हणजे झालं. आणि त्याने क्षमा मागितली असती तर काय झालं असतं? सिनेमा वीस मिनिटांत संपला असता.

दुसरं. तुझ्या चाळीसगावच्या मशीनला झालंय तरी काय? मागच्या दिवाळीतही तू त्याच मशीनचं बोलत होतास. शाळेत असताना गुरुजींच्या बायकोचं मशीन तू खिळा आणि खोबरेल तेलावर चालू केलं होतंस. आता एका मशीनला वर्ष लागतं. म्हातारा झालास, दुसरं काय.

पत्रक पाठव.

पंडित


जळगाव, ६ ऑगस्ट २०२५

पंडित,

जय जिनेंद्र. सोबत पत्रक आहे. दोनशे ऐंशी शब्द झाले. तुझ्या सूचनेप्रमाणे न्याय केलेला नाही, पण मधला एक भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सविस्तर लिहिला आहे. त्याला कात्री लावू नकोस. तो असा:

"एका गुरुवारी तिच्या पतीची पुण्यतिथी असते. तो काम करत असताना ती अचानक रडू लागते. आवाज नाही, फक्त पायडलवरचा पाय तिने काढून घेतलेला त्याला दिसतो. त्याने उठून दोन शब्द बोलायला हवे होते. परंतु उठलो तर काय बोलून जाऊ याचा त्याला भरवसा नाही. म्हणून तो मान खाली घालून स्क्रू पिळत राहतो. घट्ट बसलेला स्क्रू पुन्हा सैल करतो आणि पुन्हा पिळतो. त्या दिवशी त्याला प्रथम कळतं की आपण येतो ते दुरुस्तीसाठी नाही."

शुद्धलेखन तपासून घे.

मशीनचं म्हणशील तर जुनं आहे. वेळ लागतो.

प्रेमराज


धुळे, १२ ऑगस्ट २०२५

प्रेमराज,

तुझं पत्रक वाचलं. मग काल पूर्ण सिनेमा पुन्हा लावला, वही-पेन घेऊन बसलो, तुझ्या वहिनीने वेड्यात काढलं.

सिनेमात ती बाई कुठेही रडत नाही. पतीची पुण्यतिथी नाही. घड्याळजी तिच्या पतीचं नावसुद्धा एकदाच घेतो. आणि भिंतीवरच्या घड्याळाला पायडल नसतं.

चौथीपासून तुला ओळखतो. तू खोटं बोलत नाहीस, तुला ते जमत नाही, म्हणून गप्प बसतोस. या वेळी गप्प बसायचं सोडून तू तीनशे शब्द लिहिलेस आणि अडकलास. मी मूर्ख, मला वाटलं तुला सिनेमा अश्लील वाटला.

खरं सांग भो, ही बाई कोन शे?

पत्रकाचं नंतर बघू.

पंडित


जळगाव, ३० ऑगस्ट २०२५

पंडित,

उत्तराला उशीर झाला. मध्ये पर्युषणाचे आठ दिवस होते आणि त्या दिवसांत हे लिहिण्याचं धाडस झालं नाही. आता सगळं सांगतो, कारण आता ते माझ्या मनावरून उतरलं आहे.

चाळीसगावचे रुपचंदभाऊ माझं जुनं गिऱ्हाईक. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची पत्नी चारुलता घरातच शिवणक्लास चालवते. बारा मशीन आहेत, सासू पानबाई ओसरीत बसून सगळ्यांवर लक्ष ठेवतात. त्यांतलं एक काळं जुनं मशीन टाके सोडायला लागलं. त्यातलं शटल, खालचा दोरा फिरवतं ते, झिजलं होतं. नवं शटल मागच्या वर्षीच्या होळीला माझ्याकडे आलं. ते खिशात ठेवून मी गेलो, आणि तेल-पाणी करून परत आलो. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. दीड वर्ष ते शटल माझ्या शर्टाच्या खिशात आहे, पंडित. धुतानाही मी ते आठवणीने काढून घेतो.

वावगा एक शब्द बोललो नाही. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. चहा, क्लासच्या बायकांची चौकशी, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी, आणि साडेचारची गाडी. पुण्यतिथीच्या दिवशी त्या रडल्या, तेव्हा काय झालं ते तू वाचलंच आहेस. त्यानंतर तुझ्या घरी तो सिनेमा पाहिला. माझ्या खिशात शटल आणि पडद्यावर त्याच्या खिशात चाक. तू शेजारी चहा पीत होतास. मला वाटलं तुला दिसत असेल.

मी ठरवलं की मी त्याच्यासारखा भित्रा होणार नाही. बुधवारी संवत्सरी झाली. वर्षभरात ज्यांना ज्यांना दुखावलं त्या सगळ्यांची त्या दिवशी क्षमा मागायची, हे तू आमच्या घरी लहानपणापासून पाहतोस. दरवर्षी आम्ही क्षमापनेची छापील कार्डं पाठवतो. पाकिटांवरचे पत्ते सुलक्षणा लिहिते, तिचं अक्षर चांगलं आहे. चारुलताबाईंच्या पाकिटात मी छापील कार्ड घातलं नाही. हाताने पत्र लिहिलं. शटल जवळ असून दीड वर्ष मी ते बसवलं नाही, कारण मला तुमच्याकडे यायचं होतं. कायेने नाही, वचनाने नाही, पण मनाने मी दोषी आहे. क्षमा करावी. एवढंच. गुरुवारी पोस्टात टाकलं.

आता फार हलकं वाटतं. त्या घड्याळजीने हे केलं असतं तर, असं राहून राहून मनात येतं. पत्रक नवीन लिहून देतो.

प्रेमराज


धुळे, ३ सप्टेंबर २०२५

प्रेमराज,

तुझं पत्र आल्यावर मी आधी दुकानावर फोन केला. तू वसुलीला बाहेर होतास. नंतर डोकं थंड होईपर्यंत थांबलो, ते झालं नाही, तसाच लिहितो.

तू क्षमा मागितलेली नाहीस. तू त्या बाईला प्रेमपत्र पाठवलंस. देवधर्माची भाषा वापरलीस म्हणून ते वेगळं होत नाही, उलट वाईट होतं, कारण त्यावर तिला रागावताही येणार नाही. क्षमा मागितली की द्यावी लागते, हो ना? आणि ते पाकीट तुझ्या बायकोच्या अक्षरातलं. हे लिहिताना तुझा हात कसा थांबला नाही?

तिला काही माहीत नव्हतं. दर महिन्याला एक भला माणूस येतो, मशीन बघतो, सासूची विचारपूस करतो, एवढंच तिला माहीत होतं. आता ते राहिलं नाही. ते ओझं तू तिच्या ओसरीत नेऊन टाकलंस आणि मला लिहितोस, फार हलकं वाटतं. वाटणारच.

तो घड्याळजी भित्रा असेल. पण त्याने निदान चाक बसवलं आणि गप्प राहिला. तू बठ्ठं बिघाडी टाकं भो, सगळंच.

तिथे जाऊ नकोस. दुसरं पत्र लिहू नकोस. क्षमा मागितल्याबद्दल क्षमा मागू नकोस.

पंडित


चाळीसगाव, ५ सप्टेंबर २०२५

आदरणीय प्रेमराजभाऊ,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. ते कसं मिळालं ते आधी सांगते. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून दरवर्षी क्षमापनेची आलेली सगळी कार्डं ओसरीत मोठ्याने वाचून दाखवायची आमच्या घरची पद्धत आहे. मी कापड बेतत होते. क्लासला येणारी विधी, दोन मुलांची आई आहे, ती वाचायला बसली. तुमचं पाकीट तिने फोडलं आणि तुमचं नाव सांगून पहिली ओळ वाचली. दुसरी वाचता वाचता थांबली. सासूबाई म्हणाल्या, काय झालं गं? विधीने कागदावरची नजर हलवली नाही. इतर कार्डांवर छापलेलं असतं ते, मन, वचन, कायेने कळत-नकळत, हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, प्रेमराजचं कार्ड दरवर्षी चांगलं असतं. मग विधीने कागद घडी करून माझ्या हातात दिला. ती तेव्हापासून माझ्याशी जरा जास्तच अदबीने बोलते. मला ते सहन होत नाही.

मशीनबद्दल. मी चार वर्षं क्लास चालवते. शटल झिजलं तर मशीन टाके सोडतं, हे मला कळत नसेल असं तुम्हाला का वाटलं? नवं शटल इथे स्टेशनरोडला मिळतं. मागच्या पावसाळ्यातच मी ते आणून ठेवलं होतं. बसवलं नाही. तुम्ही यायचात तेव्हा सासूबाई बोलायच्या, क्लासच्या बायका हसायच्या, आणि घरात तासभर कुणीतरी आमच्या यांचं नाव घ्यायचं. बाकी कुणी घेत नाही. लोकांना वाटतं मला वाईट वाटेल. मला तेवढा तास हवा होता. त्याला मी काही नाव दिलं नव्हतं. तुम्ही दिलंत.

तुम्ही विचारून क्षमा मागितली असती तर मी नको म्हटलं असतं.

शटल काल बसवलं. मशीन छान चालतं. पुढे ते खरंच बिघडलं तरी आता तुम्हाला बोलावता येणार नाही. सासूबाई विचारतील तेव्हा काय सांगायचं ते मी बघेन.

क्षमा आहे. ती द्यायचीच असते.

चारुलता


जळगाव, ११ सप्टेंबर २०२५

पंडित,

हे पत्र धुळ्याला जाणाऱ्या गिऱ्हाईकाच्या हाती पाठवतो आहे, म्हणजे रविवारच्या आत मिळेल.

तुझं पत्र आणि त्यांचं पत्र एकाच दिवशी दुकानावर आलं. तुझं आधी वाचलं आणि तुझ्यावर चिडलो. मग त्यांचं वाचलं. तुझ्यावरचा राग गेला, दुसरं काही सांगत नाही. त्यांचं पत्र मी फाडलं. त्यात काय होतं ते तुलाही सांगणार नाही, एवढी तरी अक्कल मला आली आहे. तिकडे जाणार नाही, लिहिणार नाही.

पत्रकात माझं जुनं काही छापू नकोस. तू पहिल्या पत्रात गोष्ट लिहिलीस तशीच छाप आणि खाली माझी एक ओळ घाल: शेवटी त्या बाईच्या बोटाकडे बघा, आणि तिने लंबक का थांबवला हे तुम्हाला ठाऊक आहे असं समजू नका.

आता घरचं सांगतो. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

सोमवारी सुलक्षणा कपाट आवरत होती. जेवण झाल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली आणि एक छापील कार्ड चटईवर ठेवलं. म्हणाली, "कार्डं आणि पाकिटं सारखी आणली होती. पाकीट एकही उरलं नाही. हे कार्ड उरलं. कुणाला काय पाठवलंत?"

पंडित, मला खोटं जमत नाही हे तुला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. मी सगळं सांगितलं. होळीपासून. शटल काढून चटईवर ठेवलं. ती मुगाची डाळ निवडत होती, ती शेवटपर्यंत निवडत राहिली. मग शटल उचलून उजेडात धरलं आणि म्हणाली की हे आपल्या घरच्या मशीनलाही बसतं. घरचं मशीन दोन वर्षं टाके सोडतंय. तिने मला तीनदा सांगितलं होतं. मी शिलाई मशीनचा दुकानदार, मला ते आठवतही नाही.

मी हात जोडले. तिने ते खाली करायला लावले. म्हणाली, "संवत्सरीला तुम्ही माझी क्षमा मागितलीत. सगळ्यांबरोबर, एका दमात. तेव्हा तिचं पत्र पाकिटात घालून झालं होतं का?" मी होय म्हणालो. तिने कार्ड माझ्याकडे सरकवलं. "मग ती क्षमा माझी धरू नका. ह्यावर माझं नाव घाला. छापलेलं खोडा आणि हाताने लिहा, तिला लिहिलंत तसं. मी वाचेन तेव्हा वाचेन. क्षमा करीन असं आज म्हणत नाही."

आमच्यात असं कुणी म्हणत नाही, पंडित. मागितली की देतातच. अठ्ठावीस वर्षांत तिने पहिल्यांदा माझ्याकडून काहीतरी राखून ठेवलं, आणि मला तिचं म्हणणं चूक आहे असं म्हणता येत नाही.

लिहायला दोन दिवस लागले. दुकानातलं एक साधं पाकीट आणलं, पण त्यावर पत्ता कसा घालायचा कळेना, घर तर एकच. नुसतं नाव घातलं. तिने ते घेतलं आणि सुई-दोऱ्याच्या डब्यात ठेवलं. न उघडता.

शटल मी घरच्या मशीनला बसवलं. एकही टाका सुटत नाही, मी चिंधीवर तपासून पाहिलं. तिला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली. काल नातवाचं झबलं उसवलं होतं. तिने डबा उघडला, पाकीट बाजूला सरकवलं, सुई काढली, आणि त्या मशीनशेजारी बसून झबलं हाताने शिवलं.

प्रेमराज